गादीखालचा हात

त्या रविवारी सकाळी कारभारीची जीप आली ती मागचं बाकडं काढूनच. बाकड्याच्या जागी दोन गोधड्या अंथरल्या होत्या, वर एक उशी. पुंडलिकनगरातल्या घराच्या दारात उभ्या असलेल्या आशाबाईनं ते पाहिलं आणि दीर कशासाठी आलाय हे तिला विचारावं लागलं नाही. तो तिच्या नवऱ्याला, रामकिसनला, गावी न्यायला आला होता.

कारभारी हा रामकिसनचा धाकटा भाऊ, सावत्र आईचा. फुलंब्रीच्या पलीकडे घरची शेती तोच पाहायचा. तो आत आला, हातपाय धुतले, चहा घेतला आणि पलंगाच्या पायाशी स्टुलावर बसून समजुतीच्या आवाजात बोलू लागला. गावाकडं अंगण आहे, चार माणसं आहेत, इथं वहिनी एकटी पडती, पोराच्या, काकासाहेबाच्या, कारखान्यातल्या पाळ्या बदलत्या असतात. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आशाबाई ऐकत राहिली. जे तो बोलत नव्हता ते भागूबाई बोलणार हे तिला माहीत होतं.

भागूबाई ही दोघांची थोरली बहीण. पोलीस ॲक्शनच्या साली, म्हणजे अठ्ठेचाळीसला, जन्मलेली, आता त्रेसष्ट वर्षांची. आई गेली तेव्हा ही नऊ वर्षांची होती आणि रामकिसन रांगत होता, म्हणून त्याला तिनंच वाढवला. गेल्या तीन आठवड्यांपासून ती इथंच राहायला होती, आणि जीप घेऊन ये हा निरोपही तिचाच होता.

"माझा भाऊ इथं सडायलाय," ती म्हणाली. "दोन-दोन घंट्याला कूस बदला म्हणून डॉक्टरनं सांगितलंय. बदलती का कुणी? माणूस खोटं बोलंल, जखम नाय बोलत."

तिनं आशाबाईकडं पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती.

मे महिन्यात रामकिसन गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आलं ते बघायला शिडी चढला आणि तिथून खाली आला तो कमरेखालचं अंग गमावूनच. मणक्यात सळया घातल्या, जीव वाचला, पण कमरेच्या खाली ना हालचाल राहिली ना स्पर्श. दवाखान्यातल्या रेक्झिनच्या गादीवर महिनाभर उताणा पडून माकडहाडावर जखम झाली. ज्याच्या अंगावर ती झाली त्यालाच ती सगळ्यांत शेवटी कळली, कारण ती दुखतच नव्हती. घरी आणल्यावर भागूबाईनं आपल्या शेतातला कापूस पाठवला. पिंजाऱ्याकडून तो पिंजून चांगली जाडजूड गादी भरून घेतली, आणि त्या गादीवर ऑक्टोबरपर्यंत जखम तळहाताएवढी झाली. डॉक्टरांनी मेलेलं मांस काढलं तेव्हा आशाबाई खोलीबाहेर भिंतीला धरून उभी होती.

मग काकासाहेबानं हवेची गादी आणली. काकासाहेब म्हणजे त्यांचा मुलगा, वाळूजच्या एका कारखान्यात कामाला. ही गादी म्हणजे आडव्या नळ्यांची रांग होती. पायाकडच्या दांडीला एक छोटा पंप टांगलेला. तो दर काही मिनिटांनी एकाआड एक नळ्या फुगवायचा, मग त्या सोडून मधल्या फुगवायचा, म्हणजे अंगाचा भार एकाच जागी फार वेळ राहत नसे. ती गादी कापसाच्या गादीवरच अंथरली. आणि जखम भरू लागली. सहा आठवडे ती भरतच गेली. सातव्या आठवड्याला थांबली, आठव्याला जरा पसरली.

सातवा आठवडा लागला त्याच आठवड्यात भागूबाई राहायला आली होती. पण हा मेळ त्या घरात कुणी घातला नव्हता. सगळ्यांनी दुसराच घातला होता: आठ महिन्यांत आशाबाई थकली, आणि थकलेली बाई दोन घंट्यांचं घड्याळ पाळत नसती.

काकासाहेब दाराला टेकून उभा होता. आत्याचं बोलणं ऐकून त्यानं मान खाली घातली. बारा दिवसांपूर्वी पहिली पाळी संपवून तो दुपारी घरी आला तेव्हा आई पलंगाला पाठ लावून बसल्या जागी झोपली होती आणि तिच्या हातातल्या मोबाईलवर गजर वाजून वाजून बंद होत होता. त्यानं तिला उठवलं नाही. दादांना, म्हणजे वडिलांना, स्वतःच कुशीवर वळवलं. आणि संध्याकाळी चहा पिता पिता आत्याला ते सांगितलं. वाईट हेतूनं नव्हे, आई थकलीय एवढंच त्याला म्हणायचं होतं. आत्यानं त्यातून काय घेतलं ते त्याला दुसऱ्या दिवशी कळलं, शेजारच्या मनकर्णाबाईंनी आईबद्दल चौकशी केली तेव्हा.

त्याला स्वतःला गावी नेणं पटत नव्हतं. त्याचं म्हणणं ऑपरेशन करावं. सर्जननं सांगितलं होतं, दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर शेजारचं मांस फिरवून जखम बंद करू, नाहीतर ती हाडापर्यंत जाईल आणि हाड सडलं की गोष्ट अवघड होते. पण त्याच डॉक्टरांनी जाता जाता आणखी एक वाक्य टाकलं होतं, ते काकासाहेबाच्या डोक्यातून जात नव्हतं: जखम शिवून देईन, पण ज्या बिछान्यावर ती झाली तोच बिछाना राहिला तर ती परत उघडेल.

"उमाताई येऊ द्या," तो म्हणाला. "माप बघू, मग ठरवू."

उमाताई गारखेड्याहून स्कूटीवर यायच्या. तीस-बत्तीस वर्षं नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या. आता ओळखीच्या घरी जाऊन ड्रेसिंग करायच्या. त्यांची एक पद्धत होती. दर रविवारी जखम धुतल्यावर त्या तिच्यावर प्लास्टिकचा स्वच्छ पारदर्शक कागद धरायच्या आणि मार्करनं तिची कड काढायच्या. कागदावर तारीख टाकायच्या. डोळ्यांना रोज बघून फरक कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी त्यांनी रामकिसनला डाव्या कुशीवर वळवून पट्टी काढली आणि कड काढून घेतली. मग तो कागद मागच्या रविवारच्या कागदावर ठेवून खिडकीशी धरला. आजची रेघ सगळीकडून बाहेर होती. शिवाय मधोमध, जिथं लाल दाणेदार मांस यायला हवं होतं, तिथं जांभळा डाग पडला होता.

"हा नवा आहे," त्या म्हणाल्या. "हे दाबानं झालंय. आठवड्याच्या आतलं."

भागूबाईनं मोठा श्वास सोडला. कारभारीनं जीपची किल्ली खिशातून काढून हातात घेतली.

आशाबाई आतापर्यंत गरम पाण्याचं पातेलं धरून उभी होती. तिनं ते खाली ठेवलं. तिच्या मनात आठवडाभर एक गोष्ट घोळत होती; तिला ती नीट मांडता येत नव्हती, आणि या माणसांपुढं तर मुळीच नाही. पण उमाताई समोर होत्या, आणि उमाताई प्रश्नाला प्रश्न म्हणूनच ऐकायच्या.

"ताई," ती म्हणाली, "मी कूस बदलत नसंल तर ह्यांच्या टाचा कशा काय चांगल्या ऱ्हायल्या?"

उमाताईंनी वळून पाहिलं. मग त्या रामकिसनच्या पायाकडं गेल्या. टाचा पाहिल्या, घोटे पाहिले, अंगठ्यानं दाबून लाली उठते का आणि विरते का ते पाहिलं. मग दोन्ही खुबे. मग पाठीवरची खांद्याची हाडं. चांगली पाच-सात मिनिटं त्या पाहत राहिल्या.

"बरोबर बोललीस," त्या शेवटी म्हणाल्या. "कुठं डाग नाही. माणूस तासन्‌तास एका कुशीवर पडून राहिला तर पहिल्यांदा खुबा आणि घोटा लाल होतो. उताणा राहिला तर टाचा. हिनं कूस बदलायची वेळ चुकवली असती तर या सगळ्या जागा बोलल्या असत्या." मग त्या भागूबाईकडं वळल्या. "एवढ्या महिन्यांनी इतकी स्वच्छ कातडी मी दवाखान्यात सुद्धा फार कमी पाहिलीय, मावशी."

भागूबाई म्हणाली, मग जांभळं कशानं? तिच्या आवाजात अजून हट्ट होता, पण विचारलं मात्र तिनं खरोखर.

"तेच कळत नाहीये," उमाताई म्हणाल्या.

लोडशेडिंग, कारभारी म्हणाला. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की हवा गेली. काकासाहेबानं सांगितलं की पंप इन्व्हर्टरवर आहे, एकदाही बंद पडलेला नाही. ड्रेसिंगचं औषध बदललं का? नाही. खाणं? उलट आत्या आल्यापासून रोज दोन अंडी वाढली होती. एकेक शक्यता पुढं येत होती आणि गळून पडत होती, आणि जीपचा विषय सगळेच विसरल्यासारखे झाले होते.

रामकिसन भिंतीकडं तोंड करून पडला होता. आपल्या पाठीमागं आपल्याच शरीराविषयी चाललेलं बोलणं तो आठ महिने ऐकत आला होता. एखाद्या नादुरुस्त गाडीभोवती मिस्त्री लोक बोलतात तसं. आज पहिल्यांदा त्याला त्यात भाग घ्यावासा वाटला.

"ताई, ते जांभळं केवढं हाय?"

"रुपयाएवढं."

"गोल का लांबट?"

"लांबट. उभं."

म्हणजे हाडाचाच ठसा, असं त्याच्या ध्यानात आलं. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. चिकलठाण्याच्या एसटीच्या वर्कशॉपात अठ्ठावीस वर्षं तो सीट बनवत होता. एका साली नवा फोम आला होता, हाताला लोण्यासारखा मऊ. सगळे खूश झाले. दोन महिन्यांत लांबच्या गाड्यांच्या तक्रारी सुरू झाल्या, प्रवाशांची माकडहाडं दुखतात म्हणून. साहेब म्हणाले, इतक्या मऊ सीटवर दुखेल कसं? तेव्हा त्यांच्या खात्यात कडूबा नावाचा फिटर होता, क्विंटलभर वजनाचा. त्याला सीटवर बसवलं आणि रामकिसननं फोम आणि खालची फळी यांच्यामधून हात घातला. कडूबाचं हाड थेट हातावर आलं. फोम दोन्हीकडं सरकून गेला होता आणि माणूस फळीवर बसला होता.

"हाताला मऊ लागलं म्हंजी हाडाला मऊ असतंच असं नाय," तो म्हणाला. "भार आला की लई मऊ गादी बाजूला होती. मग ऱ्हातं काय? फळी."

उमाताईंनी सांगितलं की त्या हीच परीक्षा दर रविवारी घेतात. हवेच्या गादीखालून, माकडहाडाच्या बरोबर खाली तळहात न्यायचा. हात आणि अंग यांच्यात इंचभर तरी फुगलेली हवा लागली पाहिजे. मागच्या रविवारीही लागली होती.

"तवा मी कसा होतो?" रामकिसननं विचारलं.

"कुशीवर. ड्रेसिंगच्या वेळी तुम्ही कुशीवरच असता."

"आन्‌ जेवताना?"

उमाताईंची नजर पलंगाशेजारच्या टेकणाकडं गेली. जेवायला आणि पेपर वाचायला त्याच्या पाठीमागं लाकडी टेकण लावून त्याला बसता करायचे. आशाबाई टेकण काढायला उशीर करायची नाही, पण भागूबाई आल्यापासून बहीणभावाच्या गप्पा लांबायच्या. अर्धा घंटा, कधी पाऊण. बसल्या माणसाचा कमरेवरचा सगळा भार एका हाडावर येतो, हे त्या खोलीत दोघांना माहीत होतं, एक नर्स आणि एक सीटवाला.

"बसवून बघू," उमाताई म्हणाल्या आणि बाही वर करू लागल्या.

"हात मी घालते," भागूबाई म्हणाली. "मला माझ्या हाताचंच खरं वाटंल."

कुणी नको म्हटलं नाही. उमाताईंनी जखमेवर स्वच्छ पट्टी लावली. मग त्याला आधी नुसता उताणा निजवला. भागूबाईनं बांगड्या कोपराकडं सारल्या, पलंगाशी गुडघे टेकले आणि हवेची गादी व कापसाची गादी यांच्यामधून हात आत सरकवला. आत ऊब होती. वरून नळ्या टम्म लागत होत्या, तव्यावर फुगलेल्या भाकरीवर बोट ठेवावं तशा. तिनं मान हलवली, हवा आहे. मग काकासाहेबानं आणि कारभारीनं रामकिसनला काखेतून धरून उचललं आणि टेकण लावलं.

तिला आधी काही कळलंच नाही. मग हातावरची नळी एका अंगाला सरकली, दुसरी दुसऱ्या अंगाला, आणि त्यांच्यामधून काहीतरी कठीण खाली आलं. प्लास्टिकचे दोन पडदे मध्ये होते, तरी ती काय वस्तू आहे हे तिच्या बोटांना कळलं. खाली तिच्याच शेतातल्या कापसाची गादी. तीही सात महिन्यांत दबून दगड झालेली. त्या दोन्हींच्या मध्ये तिची बोटं चेंगरली. आई वारल्यावर या पोराला कडेवर घेताना ती याच हाडाखाली हात द्यायची. तेव्हा ते लागायचं सुद्धा नाही, इतकं त्याच्यावर मांस होतं.

"टेकलं," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "हाड माझ्या बोटावर आलंय."

त्यांनी त्याला पुन्हा निजवलं. भागूबाईनं हात काढला आणि बोटांकडं पाहत तशीच खाली बसून राहिली.

काकासाहेब पायाकडं जाऊन पंपाशी वाकला. पंपाला एक छोटं चाक होतं, हवा कमी-जास्त करायचं. दुकानदारानं दादांचं वजन विचारून ते पाचव्या खुणेवर ठेवलं होतं आणि हलवू नका असं बजावलं होतं. चाक आता दुसऱ्या खुणेवर होतं.

त्यानं मान वर केली आणि आईकडं पाहिलं. आधी आईकडंच पाहिलं. आशाबाईच्या ते लक्षात आलं, आणि आपण काय केलं ते त्याच्याही लक्षात आलं. ती शांतपणे म्हणाली की तिनं त्या चाकाला कधी हात लावला नाही. पुसताना सुद्धा ती जागा सोडून पुसायची.

रामकिसन छताकडं पाहत होता. आक्काचं 'टेकलं' ऐकलं त्या क्षणीच त्याला आठवलं होतं. ती राहायला आली त्याच्या दुसऱ्याच दिवसाची गोष्ट. पाठीचा वरचा भाग, जिथं त्याला अजून कळायचं, तिथं त्या नळ्या एकामागून एक वर येऊन टोचायच्या. खडी टाकलेल्या रस्त्यावरून बैलगाडी चालल्यासारखं वाटायचं. आशाबाई बाहेर कपडे वाळत घालत होती. त्यानं आक्काला सांगितलं होतं, ते चाक जरा डावीकडं फिरव. तिनं फिरवलं. गादी मऊ झाली आणि बऱ्याच दिवसांनी त्याला बरं वाटलं. अठ्ठावीस वर्षं ज्यानं फोमचा हिशेब केला त्यानं, ज्या अर्ध्या अंगाला कळतं त्याला विचारून, ज्याला कळत नाही त्याचं ठरवून टाकलं होतं.

आता गप्प राहिलं तर चाललं असतं. चाक आपोआप सरकलं असेल, पुसताना धक्का लागला असेल. कारभारी तसं म्हणायलाही लागला होता. आक्काला तर चाकाचं आठवतही नसावं. पण आठ महिने जी बाई दर दोन घंट्यांनी उठत होती, तिला आज सकाळी त्याच्याच समोर चोर ठरवलं होतं आणि तो भिंतीकडं तोंड करून पडून राहिला होता.

"चाक म्या फिरवायला लावलं," तो म्हणाला. "मला वर टोचायलं होतं. आशाला सांगितलं नाय. आक्काकडनं फिरवून घेतलं."

भागूबाईनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जाग्यावर बसताना सगळ्यांना दिसली.

"व्हय," ती म्हणाली. "म्याच फिरवलं."

उमाताईंनी चाक पाचव्या खुणेवर आणलं, हवा भरायला वीस मिनिटं दिली आणि पुन्हा त्याला बसवून स्वतः हात घालून पाहिला. आता बोटांना हलायला जागा होती, पण इंचभर नव्हती. टेकण निम्म्यानं खाली केलं तेव्हा ती मिळाली. त्यांनी सांगितलं की यापुढं एवढंच बसायचं, आणि जेवणापुरतं, पंधरा मिनिटं. थंडी म्हणून हवेच्या गादीवर जी दुहेरी गोधडी घातली होती तीही त्यांनी काढायला लावली. खाली नळ्या कितीही हलोत, वर जाड थर असला तर अंगाला त्याचा उपयोग नाही; एक पातळ चादर बास. वरच्या पाठीला टोचत असेल तर तिथं पातळ उशी देऊन बघू, पण चाकाला हात नाही.

"यानं भरंल?" कारभारीनं विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही. मला दोन-तीन रविवार द्या. नाही भरलं तर ऑपरेशन आहेच."

कारभारीनं किल्ली परत खिशात टाकली. जाताना तो वहिनीसमोर थांबला आणि बुधवारी अंडी आणि तूर पाठवतो एवढंच म्हणाला. भागूबाईनं मात्र आपली पिशवी भरायला घेतली होती. रिकाम्या जीपमधून आपणच परत जावं, हे तिचं तिनंच ठरवलं होतं.

पिशवी घेऊन ती मागच्या बाजूला आली. आशाबाई सकाळच्या चादरी धूत होती.

"म्या तुला लई बोलले, आशे."

"बोललात," आशाबाई म्हणाली. "मनकर्णाबाईंपुढं बी बोललात."

"व्हय."

आशाबाईनं चादर पिळली, दोरीवर टाकली, तिच्या कडा जुळवल्या. असू द्या, होतं असं कधी, असं म्हणायची पद्धत तिला ठाऊक होती. ते तिला म्हणावंसं वाटलं नाही.

"जाऊ नका, आक्का," ती म्हणाली. "पिशवी आत ठिवा. दुपारची आन्‌ सांजंची कूस तुमी बदलायची, मी दाखवीन कशी ते. मला झोपायचंय."

ती आत गेली. स्वयंपाकघराच्या दारात काकासाहेब उभा होता. त्याच्याजवळून जाताना ती फक्त एवढं म्हणाली की, तू मला विचारायचं होतंस. मग तिनं सतरंजी अंथरली आणि अकरा वाजता जी झोपली ती चार वाजता उठली. तोवर रामकिसनची कूस दोनदा बदलली होती. पहिल्या वेळी भागूबाई आणि काकासाहेब दोघांनी मिळून बदलली, आणि दोघांच्याही कपाळावर घाम आला.

पुढच्या रविवारी जांभळा डाग काळा झाला आणि डॉक्टरांनी तो काढून टाकला. जखम आधीपेक्षा मोठी दिसू लागली. घरात पुन्हा कुजबुज झाली, पण या वेळी भागूबाई कुजबुजणाऱ्यांत नव्हती. तिसऱ्या रविवारी तळाशी लाल दाणे आले. चौथ्या रविवारी उमाताईंच्या कागदावरची रेघ आत सरकली. सर्जन म्हणाले, थांबू.

रामकिसनला मात्र थांबवत नव्हतं. खालची कापसाची गादी दगड झालीय म्हणजे हवेच्या गादीला पायाच धड नाही, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. त्यानं जुन्या सोबत्यांकडून फोमच्या दुकानाचा पत्ता मिळवला आणि काकासाहेबाला वेगवेगळे तुकडे आणायला लावले: घट्ट, मध्यम, मऊ. जमिनीवर खाली फळी ठेवायची, वर ते एकावर एक रचायचे आणि घरातल्या प्रत्येकानं त्यावर बसायचं. रामकिसन पलंगावरून हुकूम सोडायचा, भागूबाई खालून हात घालायची आणि "टेकलं" किंवा "नाय टेकलं" एवढंच सांगायची. अंडी घेऊन आलेल्या कारभारीलाही एकदा बसवलं. घट्ट थर खाली आणि मध्यम थर वर, या जोडीवर तो सुद्धा टेकला नाही. मग त्या मापाची गादी शिवून घेतली आणि भागूबाईनं स्वतः आपल्या कापसाची गादी पलंगावरून ओढून काढली. तिच्या उशा झाल्या, पायाखाली द्यायला.

मार्चमध्ये जखम सुपारीएवढी राहिली. एप्रिलमध्ये एकदा चिघळल्यासारखी झाली, सगळे घाबरले, पण ते पट्टीच्या चिकटपट्टीनं आलेलं पुरळ निघालं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात उमाताई आल्या, पट्टी काढली आणि नवी लावलीच नाही. कड काढायला आणलेला कागद त्यांनी परत पिशवीत घातला. आता सहा महिने ही जागा लहान मुलासारखी जपा, नवी कातडी जुनीइतकी कधीच भक्कम होत नाही, एवढं सांगून त्या गेल्या. भागूबाई त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेली.

खोलीत दोघंच राहिले. रामकिसन कुशीवर होता.

"भरली?" त्यानं विचारलं.

"भरली."

"तू हात ठेवलायस का आता?"

"व्हय."

"कशी लागती?"

आशाबाईनं विचार केला. एवढे महिने ती जागा तिनं धुतली होती, पुसली होती, पण उघड्या बोटांनी तिला हात लावायची वेळ आजच आली होती.

"गुळगुळीत हाय," ती म्हणाली. "भवतालच्यापेक्षा पातळ. दुधावरच्या सायीवानी."

"रंग?"

"गुलाबी. कडंला तपकिरी."

"गार का गरम?"

तिनं बोटं थोडी बाजूला नेऊन पाहिली, परत तिथं आणली. "बाजूच्यापेक्षा गरम हाय जराशी."

"म्हंजी रगत येतंय."

"व्हय."

भिंतीकडं पाहत, जिथून कसलीच खबर येत नाही अशा जागेचा त्यानं मनात अंदाज घेतला.

"किती जोर दिलायस?"

"कायबी नाय. नुसता ठेवलाय."

"मग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

कूस बदलायला अजून दहा मिनिटं होती.